नळदुरुस्तीवरचा माझा लेख

नोकरी सोडताना मी साहेबांना ठणकावून सांगितलं होतं, की ज्याला चार ओळी बऱ्या लिहिता येतात त्याला कुणाच्या हाताखाली राहायची गरज नाही. विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारल्याची पत्रं मी लिहीत असे. इतकी गोड, की काही जण उलट टपाली आभार मानत! साहेब त्यातही लाल पेनाने गिरगोट्या मारायचे. शेवटी एक दिवस मी ते पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि घरी आलो.

बायकोला मी सगळी योजना समजावून सांगितली. इंटरनेटवर लेख पुरवणाऱ्या साइट्सचा सुळसुळाट आहे, त्यांना लिहिणारी माणसं हवी आहेत, आणि मी घरी बसून साहेबांच्या दुप्पट कमावणार आहे. तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. तिच्या भावाच्या फरशीच्या दुकानात काउंटरवर माणूस हवा होता. महिनाअखेरपर्यंत लिखाणाची एक तरी कमाई घरात आली तर ती दुकानाचा विषय काढणार नाही. नाही आली, तर मी एक तारखेपासून काउंटरवर. हा मेहुणा मला ‘लेखक’ म्हणून हाक मारतो आणि हाक मारून झाल्यावर थोडा वेळ हसतो. त्याच्या हाताखाली फरश्या मोजण्यापेक्षा मी फरशीवर डोकं आपटून घेतलं असतं.

आणि मग सुरू झाला सॅम्पलचा छळ. प्रत्येक साइटवर लॅपटॉपसमोर हसणाऱ्या बाईचा फोटो, ‘घरबसल्या कमवा’ असं ठळक अक्षरांत, आणि खाली बारीक अक्षरांत ‘आधी एक सॅम्पल लेख पाठवा’. फुकट, अर्थातच! मी पोपटाच्या पिसांवर लिहिलं. गादी कशी निवडावी यावर लिहिलं. स्वतःच्या डोक्यावर हात फिरवत टक्कल टाळण्याच्या उपायांवर लिहिलं. सगळीकडून एकच उत्तर आलं, ‘आपली शैली आमच्या वाचकांशी जुळत नाही.’ वेगवेगळ्या कंपन्यांकडून, शब्दाला शब्द तेच! अरे, जो लेख वाचकांना दाखवलाच नाही तो त्यांच्याशी जुळत नाही हे तुम्हाला कुणी स्वप्नात येऊन सांगितलं? केशकर्तनालयात जाऊन ‘आधी अर्धं डोकं फुकट कापून दाखवा, आवडलं तर पुढचं बघू’ असं म्हणायची हिंमत आहे का कुणाची? तो वस्तरा घेऊन मागे लागेल. लेखकाकडे वस्तरा नसतो, म्हणून ही सगळी मस्ती.

महिना संपत आला तेव्हा एका साइटच्या संपादकबाईंचा चक्क फोन आला. आवाज साखरेत घोळवलेला. त्यांना ‘घरच्या घरी नळदुरुस्ती’ या विषयावर लेख हवा होता. सॅम्पल म्हणूनच, पण पसंत पडला की लगेच पैसे आणि खाली माझं नाव. मी जन्मात कधी पाना हातात धरलेला नव्हता. तरी दोन-तीन व्हिडिओ बघून बसलो आणि एका बैठकीत लेख हातावेगळा केला. सुरुवात गुहेतला माणूस आणि झरा इथपासून केली. मग नळ कसा उघडावा ते टप्प्याटप्प्याने, पण रसाळ भाषेत सांगितलं. सगळ्यात महत्त्वाची सूचना मात्र शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवली, कारण लेखाचा शेवट वजनदार हवा.

उत्तर आलं, ‘आपली शैली आमच्या वाचकांशी जुळत नाही.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून तोफ डागल्यासारखा आवाज आला आणि पाठोपाठ बायकोची किंकाळी.

धावत गेलो. न्हाणीघराच्या मधोमध, गळका नळ दुरुस्त करायला सरसावलेले, आमच्याकडे राहायला आलेले माझे सासरे उभे. एका हातात पाना, दुसऱ्या हातात नळाचं डोकं, आणि भिंतीतून पाण्याची जाडजूड धार थेट त्यांच्या छातीवर. सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात लेखी सूचनांबरहुकूम काढली, आणि हातातली ओळ अंमलात आणल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही हा त्यांचा शिरस्ता. साबणाच्या फळीवर त्यांचा मोबाइल टेकवून ठेवला होता आणि भिजता भिजता ते शांतपणे वाचत होते, “‘आता नळाचे मस्तक निर्धास्तपणे विलग करा.’ केलं.”

ते वाक्य ऐकलं आणि मी दारातच थिजलो. ‘निर्धास्तपणे विलग करा’ असं या जगात नळाबद्दल लिहिणारा एकच माणूस होता.

“बाबा, आधी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करा!” मी ओरडलो.

“तशी सूचना अजून आलेली नाही, जावईबापू.”

“शेवटच्या परिच्छेदात आहे हो!”

बायकोने वळून माझ्याकडे पाहिलं.

“तुला कसं माहीत?”

मी गच्चीकडे धाव घेतली. कॉक गंजून बसलेला, हलेचना. शेवटी बायकोने प्लंबरला बोलावलं. तो येईपर्यंत पाणी दिवाणखान्यातून जिन्यात उतरलं होतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू छत्री उघडून आमच्या दारात उभ्या होत्या, त्यांच्या घरात छताखालीच छत्री लागत होती म्हणून!

प्लंबरने कॉक बंद केला. मी सासऱ्यांचा मोबाइल घेऊन पाहिलं. माझाच लेख! गुहा, झरा, सगळं जसंच्या तसं. आणि खाली नाव कुणाचं? ‘आमची तज्ज्ञ टीम’! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच पावली मी संपादकबाईंना फोन लावला. त्या साखरेच्या आवाजात म्हणाल्या, की सॅम्पलवर हक्क साइटचा असतो, नोंदणी करताना मीच तसं कबूल केलंय. आणि हा लेख माझा म्हणायला पुरावा काय?

“पुरावा?” मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. “अहो बाई, तो लेख माझा आहे! शब्द न् शब्द माझा आहे! चोर आहात तुम्ही!”

त्यांनी फोन ठेवला. मी वळलो. बायको, सासरे, छत्रीवाल्या काकू आणि प्लंबर, सगळे घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून माझ्याकडे बघत होते.

सासरे फक्त एवढंच म्हणाले, की त्यांच्या खात्यात अशी सूचना काढणाऱ्याची बदली झाली असती. बायकोने भावाचा नंबर काढला. मला रडू यायचंच बाकी होतं. चोरी माझी झाली होती, लेख वाचला जात होता, लोक त्याबरहुकूम वागत होते, आणि फरश्या मोजायला मीच जाणार होतो!

तेवढ्यात प्लंबरने नळ बसवला, हात पुसले आणि मला अगदी आदराने विचारलं, “तो लेख खरंच तुमचा?”

मी म्हणालो, हो, आणि तुम्हीही काय बोलायचं ते बोलून घ्या.

“बोलायचं काय? या आठवड्यात त्याच लेखापायी पाणी भरलेली कितीतरी घरं केली मी. गावाला जायचं होतं, तेही रद्द केलं. लिहिणाऱ्याला एकदा भेटायचंच होतं.” त्याने पिशवी उचलली. “आजचं बिल राहू दे. आणि गीझरवर एक लिहून द्या. पैसे आगाऊ देतो.”

त्याने खिशातून खरोखरच्या नोटा काढल्या आणि माझ्या ओल्या हातावर ठेवल्या. बायकोने नोटांकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, आणि दात आवळून फोन खाली ठेवला. ती शब्दाची पक्की आहे. त्या क्षणी नसती तर तिलाही बरं वाटलं असतं.

खरं तर मी त्या नोटा फेकून द्यायला हव्या होत्या. राग तेवढा नक्कीच आला होता. पण मूठ आपोआप मिटली.

“छापून घरोघरी वाटतो,” प्लंबर जिन्यातून म्हणाला. “खाली तुमचं नाव टाकतो, चांगलं मोठ्या अक्षरात.”

छत्रीवाल्या काकू अजून दारातच होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि हळूच जिन्यात वाकलो.

“नाव तेवढं नको,” मी म्हणालो. “तज्ज्ञ टीम लिहा.”