देणाऱ्याला दहा वर्षं

कोन गावच्या काळूराम पाटलांनी भाषणाआधीच फ्लेक्स छापून घेतला होता. 'व्यसनमुक्ती समिती, अध्यक्ष : काळूराम पाटील'. वर गॉगल घातलेला फोटो. आता फक्त अध्यक्ष होणं तेवढं बाकी होतं. 'नशेच्या गुन्ह्याला शिक्षा की सुधारणा' या वादविवादात जो सभा जिंकेल त्याला खुर्ची, असं गावानं ठरवलं होतं. सुधारणेच्या बाजूनं भिवंडीच्या व्यसनमुक्ती केंद्रातला मिलिंद बोलणार होता. त्या मऊ माणसाला आपण सहज गुंडाळू, याबद्दल काळूरामांना तिळमात्र शंका नव्हती. म्हणून तर त्यांनी आईला, ठकुबाईंना, पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं.

"सुधारणा बिधारणा काय न्हाय!" काळूराम गरजले. "देणाऱ्याला दहा वर्षं, घेणाऱ्याला दहा वर्षं! मंग तो कुणीपन असो!"

टाळ्या पडल्या आणि काळूरामांना चेव चढला. त्यांनी खिशातून माहितीपत्रक काढलं. "हितं लिवलंय, पूर्वी बाया तान्ह्या पोरांना घुटीत अफू द्यायच्या. आधी त्यांना आत टाका!"

ठकुबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि दोन्ही मनगटं पुढे केली.

"मंग टाक मना आत."

"आये, खाली बस ना!"

"बसू कशी? तुला मीच दिलती. भात लावाला जायची ना मी! तू बांधावर बोंबलाचास, आख्खं शिवार उठवाचास. दहा वर्सं माजी, दहा तुजी. चल, दोगं जाऊ."

मंडपात हसून हसून लोकांची पोटं दुखायला लागली. काळूरामांना दरदरून घाम फुटला.

"तवा तिला ठावं नव्हतं! अशा माणसाला समजावून सांगाला पायजे. आन घेनारा तर सुधारलाय की!"

"म्हणजे सुधारणाच," मिलिंद हळूच म्हणाला.

आता शिक्षेच्या बाजूला एकट्या ठकुबाई उरल्या. "सुधारलाय कुठं? तंबाखूची डबी हाय त्याच्या खिशात!"

मिलिंदनं माईक घेतला. "अख्ख्या गावात स्वतःहून गुन्हा कबूल करणारं माणूस एकच निघालं. खुर्ची आजींना द्या."

भराभर हात वर झाले. पहिला हात काळूरामांचा होता. आपल्याला बांधावर निजवून आई दिवसभर चिखलात वाकली होती, हे त्यांना आजच कळलं होतं, आणि हसताहसताच त्यांचे डोळे भरून आले.

फ्लेक्स वाया गेला नाही. गॉगलवर ठकुबाईंचा फोटो चिकटवला आणि 'काळूराम पाटील' यानंतर पेंटरकडून 'यांच्या मातोश्री' एवढं रंगवून घेतलं. शिडी धरायला काळूराम स्वतः उभे होते. डबी त्याआधीच अध्यक्षांनी जप्त केली होती.