सुंदररावांची वाढीव चाकं

लोकप्रतिनिधी जमिनीपासून किती उंचीवर असावा, याबद्दल राज्यघटनेत स्पष्ट तरतूद नाही. घटना लिहिली गेली तेव्हा पुढारी बैलगाडीतून नाहीतर पायी फिरत, त्यामुळे हा मुद्दा नजरेतून सुटला असावा. ही उणीव पुढे केज तालुक्याने स्वतःच्या बळावर भरून काढली.

देशाची अर्थव्यवस्था एक्याण्णव साली खुली झाली. केजपर्यंत पोचायला तिला आणखी दहा-बारा वर्षं लागली (रस्ता खराब होता). पण पोचल्यावर तिने वेळ घालवला नाही. आधी थंड पेयांच्या बाटल्या आल्या, मग मोबाइल आले, आणि मग एका सहकारी संघाचे चेअरमन आणि जिल्हा परिषदेचे सदस्य सुंदरराव यांच्या दारात पांढरीशुभ्र, विलायती बनावटीची आलिशान गाडी येऊन उभी राहिली. आत थंडगार हवा, कातड्याच्या सीटा, आणि पाण्याची बाटली ठेवायला प्रत्येक माणसामागे एक स्वतंत्र खड्डा. सरासरी दर फर्लांगाला एक खड्डा पाहत आलेल्या जनतेला हा खड्डा फार आवडला.

सुंदरराव मनाने वाईट नव्हते. गाडी आल्या आल्या त्यांनी आपल्या म्हाताऱ्या आईला, बायनाबाईंना, पुढच्या सीटवर बसवून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला नेऊन आणलं. बायनाबाई येताना वाटभर झोपल्या. घरी उतरल्यावर सुनेला, सत्यशीलाबाईंना, म्हणाल्या, "पोटातलं पाणी हाललं न्हाई बाई." गाडीबद्दल याहून चांगलं प्रमाणपत्र कुठल्याही कंपनीला आजवर मिळालेलं नाही.

अडचण झाली ती बबनरावांमुळे. बबनराव म्हणजे सुंदररावांचे शाळेपासूनचे सोबती, आणि त्याच कारणाने कट्टर विरोधक. त्यांनी तीच गाडी घेतली. रंगही तोच.

गेवराईला एक मोठं लग्न होतं. सुंदररावांची गाडी मांडवापुढे थांबली, बँड सुरू झाला आणि लाउडस्पीकरवर घोषणा झाली, "आपल्या सर्वांचे लाडके नेते बबनराव यांचं मांडवात आगमन झालेलं आहे." सुंदरराव दुरुस्ती करायला तोंड उघडणार, तोवर डोक्यावर फेटा चढू लागला. अर्धा बांधून झालेला फेटा नाकारण्याची पद्धत आपल्याकडे नाही. त्यांनी तो पूर्ण बांधून घेतला, नारळ घेतला, आणि बबनराव म्हणून वधूवरांना आशीर्वादही दिले. मागून खरे बबनराव आले तेव्हा फेटे संपले होते.

त्या रात्री सुंदरराव जेवले नाहीत.

"पप्पा, गाडी एकसारखी हाय म्हणून लोकं फसत्यात," मुलगा अमरसिंह म्हणाला. अमरसिंह पुण्यात इंजिनिअरिंग करत असे. कोर्स चार वर्षांचा होता, पण विषयात खोल शिरायचं म्हणून तो घाई करत नव्हता. "आपण चाकं बदलू. लई मोठी टाकू. लांबून बघितलं की कळलं पाहिजे कोण आलं."

गाडी पुण्याला गेली. तिथल्या दुकानदाराने चाकं दाखवली. लोखंडी भाग आरशासारखा चकचकीत, एवढा मोठा की त्यात माणसाला अख्खा चेहरा दिसावा, आणि त्याच्या कडेने रबर नावापुरतं. दुकानदार प्रामाणिक होता. त्याने विचारलं, "तुमच्याकडचे रस्ते कसे आहेत? कारण यात रबर कमी असतं."

"रस्ते माझे मामाच करतात," अमरसिंह अभिमानाने म्हणाला. दुकानदाराने ती हमी मानली. मडगार्ड कापण्यात आले, स्प्रिंगांखाली ठोकळे बसवण्यात आले, आणि जुनी चाकं अमरसिंहाने तिथेच देऊन टाकली. पुढे जाणाऱ्या माणसाने मागचं सामान वागवू नये, असं त्याचं मत होतं.

गाडी केजच्या चौकात आली तेव्हा बाजार थांबला. टपरीवरची माणसं कपबशी हातात घेऊन बाहेर आली. कुणी चाकाला हात लावून पाहिला, कुणी चाकात बघून भांग पाडला. "आता कळलं सुंदरराव कोण हाय ते," असा एकमुखी निर्वाळा मिळाला. त्या दिवसापासून सुंदररावांना कुणी बबनराव म्हटलं नाही, हे मान्य केलंच पाहिजे.

किरकोळ तांत्रिक बाबी मात्र उद्भवल्या.

पहिली बाब चढण्याची. सुंदररावांचं धोतर आणि गाडीची पायरी यांच्यात मतभेद झाले. मग एक स्टूल गाडीत ठेवण्यात आलं आणि ते मांडण्यासाठी योगीराज नावाच्या होतकरू कार्यकर्त्याची नेमणूक झाली. योगीराजने स्टूल मांडलं की साहेब उतरणार, आणि नाही मांडलं तर उतरणार नाहीत. महिनाभरात लोक कामाचे अर्ज योगीराजकडे देऊ लागले. (पूर्वी याच माणसाला गावात बिडी उधार मिळत नसे.) सत्यशीलाबाईंनी एकदा स्टुलावर पाय ठेवला, वर पाहिलं, आणि पाय परत घेतला. "मी काय हत्तीवर बसू का? माझी यस्टी बरी हाय," म्हणाल्या आणि माहेरी आष्टीला बसने गेल्या.

दुसरी बाब वळण्याची. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की चाक आत घासे आणि गाडी दळण दळल्यासारखा आवाज करे. त्यामुळे गाडी सरळ फार छान जायची. सुंदररावांनी हे वास्तव स्वीकारलं आणि आपल्या मतदार गटातल्या गावांची फेरवर्गवारी केली: सरळ गावं आणि वळणाची गावं. सरळ गावांत दौरे झाले, हातपंप बसले, समाजमंदिरं झाली. वळणाच्या गावांचा विकास तांत्रिक कारणास्तव पुढे ढकलण्यात आला. एका वळणाच्या गावाने आपला रस्ता सरळ करून देण्याचा ठराव केला. आड येणारी शाळा दुसरीकडे हलवायची तयारीही दाखवली.

तिसरी बाब म्हणजे रस्ता. कमी रबरामुळे तो आता सुंदररावांना प्रत्यक्ष जाणवू लागला. हाच रस्ता उत्तम झाल्याचं त्यांनी स्वतः जाहीर सभेत सांगितलं होतं. आता केजहून बीडला जाईपर्यंत त्यांची कंबर त्यांना वेगळंच सांगे. पण त्यांनी पक्षशिस्त पाळून कंबरेचं ऐकलं नाही.

जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ आली होती, आणि सुंदररावांच्या विरोधात बबनराव उभे होते. एका सकाळी बायनाबाईंच्या छातीत कळ आली. घाम फुटला, ओठ पांढरे पडले. गावातला डॉक्टर धावत आला, नाडी पाहिली आणि म्हणाला, "बीडला न्या. आत्ताच्या आत्ता."

गाडी दारात होती. योगीराजने स्टूल मांडलं. बायनाबाईंना त्यावर उभं राहता येईना. मग खुर्चीत बसवून चार माणसांनी खुर्ची उचलली. दार उंचीवर, खुर्ची तिरपी, चौघांचे खांदे चार पातळ्यांवर. बायनाबाईंनी डोळे उघडले आणि खाली जमीन पाहिली.

"सुंदर्‍या, मला खाली ठिव," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "मरायचं तर जमिनीवर मरू दे."

कसंबसं त्यांना मागच्या सीटवर सरकवलं. अमरसिंहाने गाडी काढली. घरापासून हमरस्त्याला जायला एकच वळण होतं; एरवी ते गाडी मागेपुढे करत हळूहळू घेत, आज अमरसिंहाने घाईत स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. गाडीने तिथे दळण दळलं आणि ती अडकली. ना पुढे, ना मागे.

"कावून थांबलास बे?" सुंदरराव ओरडले.

"वळंना पप्पा."

सुंदरराव स्टुलाची वाट न पाहता उडी मारून उतरले, गुडघ्यावर पडले, आणि त्या चकचकीत चाकाला दोन्ही हातांनी ढकलू लागले. चाकात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता. तो रडत होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला रस्त्यात बसून "माय, माय" म्हणताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

समोरून बबनरावांची गाडी येत होती. कंपनीने दिलेली चाकं, कंपनीने दिलेली उंची. बबनराव उतरले. लहानपणी या म्हातारीच्या हातची भाकरी त्यांनी खाल्ली होती. त्यांनी तिला उचललं, आपल्या गाडीत आडवं केलं, आणि सुंदररावांना म्हणाले, "बस की बे. बघतोस काय?"

सुंदरराव आईचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बीड येईपर्यंत ते डोकं एकदाही आपटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. बीडच्या दवाखान्यात बायनाबाईंना कॉटवर झोपवलं, नळ्या लावल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र बघू."

ही बातमी दुपारपर्यंत तालुक्यात पसरली आणि मतदारांनी तिचा गांभीर्याने विचार केला. बबनरावांची गाडी इतकी ठेंगणी आहे की आजारी म्हातारीलाही तीत सहज घालता येतं, ही गोष्ट उघड झाली. असला माणूस जिल्हा परिषदेत काय दिवे लावणार? उलट सुंदररावांच्या गाडीला चार माणसांचे खांदे लागतात. निकाल लागला. सुंदरराव प्रचंड मतांनी निवडून आले, आणि वळणाच्या गावांनी सरळ गावांपेक्षा जास्त मतं दिली. बबनरावांनी पराभवाची कारणमीमांसा केली आणि दुसऱ्याच आठवड्यात पुणं गाठलं. त्यांची चाकं सुंदररावांच्या चाकांपेक्षा मोठी आहेत म्हणतात. काहींच्या मते सारखीच आहेत, फक्त ठोकळे जास्त आहेत. याबाबत चौकात अजून एकमत नाही.

तुमचंही झालं नसेल. निवडणुकीत कोण पडलं, कुणाची चाकं मोठी, हे तुम्ही मघापासून मन लावून वाचत आलात. बायनाबाईंना आपण नळ्या लावून कॉटवर सोडून आलो, त्या रात्रीचं पुढे काय झालं हे विचारायची सवड तुम्हाला मिळाली नाही. त्यात संकोच वाटून घेऊ नका. म्हातारी वाचली. पंधरवड्याने सुनेसोबत यस्टीने घरी आली. त्या पंधरवड्यात तालुक्यातून तुमच्यासारखी पुष्कळ चांगली माणसं दवाखान्यात भेटायला गेली, केळी घेऊन. कॉटजवळ बसली, चुकचुकली, आणि जरा वेळाने प्रत्येकाने हळूच विचारलं, "माय, येक सांगा. त्या गाडीतून वरून कसं दिसतं वं?"