सबनीसांचं सात झाडांचं जंगल

सबनीस कॅम्पिंगला प्रेशर कुकर घेऊन येतात. शिवाय चार पाट. "तंबूत राहायचं म्हणून काय वाटेल तसं जेवायचं? याला काही पद्धत असते!"

बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरात ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. मुंगी दिसली तरी खुर्चीवर पाय घेणारा माणूस. तोच एकदा दारात येऊन म्हणाला, "कुलकर्णी, रेडवुडच्या जंगलात झोपायला चला." मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं, आणि गेलो.

समुद्राजवळच्या त्या जागी कुणा जुन्या जमीनदाराने कॅलिफोर्नियातून या उंचच उंच झाडांची रोपं आणून लावली होती. आता तिथे तंबू ठोकू देतात. मी झाडं मोजली. सात.

"सबनीस, हे जंगल?"

"मोजताय काय? वर बघा!" वर बघता बघता त्यांची टोपी मागे पडली.

तंबूला दोन तास लागले. सूचना डचमध्ये, सबनीसांनी त्या खणखणीत आवाजात वाचल्या. कळल्या असतील तर तंबूलाच. मग कुकरची शिट्टी झाली आणि शेजारचे डच गृहस्थ पाण्याची बादली घेऊन धावत आले. सबनीसांनी त्यांना पाटावर बसवून खिचडी वाढली. "लेकर, लेकर," म्हणजे छान, छान, म्हणत त्या गृहस्थांनी दोनदा घेतली.

सकाळी सबनीसांची कंबर धरली होती, मान डासांनी फोडली होती. संध्याकाळी चहाला बोलवायला गेलो, तर ते सगळ्यात मोठ्या झाडाला टेकून व्हिडिओ कॉलवर. पडद्यावर कॅलिफोर्नियातली सहा वर्षांची नात. तिथे सकाळ होती. आईबाबा तिला रेडवुडच्या जंगलात राहायला नेणार होते आणि ती जाणार नाही म्हणून हटून बसली होती.

"आजोबा, डिड यू गेट स्केअर्ड?"

"हो गं. वाऱ्याने झाड करकरत होतं. पण सकाळी पाहिलं, तर आपलं गुपचूप उभं. काही करत नाही ते."

"देन यू कम विथ मी."

सबनीसांनी कानाला हात लावला. "माझ्या कानाला विमान चालत नाही ना, बाळा."

कानाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवास बंद केलाय, हे मला तेव्हा कळलं. नातीला ते प्रत्यक्ष कधी भेटलेच नव्हते.

पलीकडून आवाज आला, "ओके. आय विल गो."

फोन ठेवून ते कंबर धरत उठले.

"सबनीस, आता घरी चला. गादीवर झोपा."

"ती दोन रात्री राहणार आहे तिथे," ते म्हणाले. "मी एका रात्रीत पळून जाऊन कसं चालेल?"