दहा हजार सातचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, तळं आटायला लागलं. मग काय, लगेच नियम केला. पाणी आणायला अक्कल लागते, नियमाला नुसता शिक्का पुरतो.

शिक्का होता कोल्हेसाहेबांकडे. त्यांनी प्रत्येक प्राण्याला एकेक नंबर वाटला. दुसऱ्या दिवशी ज्याच्या नंबराला दोनाने पूर्ण भाग जाईल त्याने पाणी प्यायचं, तिसऱ्या दिवशी तिनाने, चौथ्या दिवशी चाराने. असंच पुढे. पहिला दिवस फक्त सिंहमहाराजांचा.

बिरू साळिंदराला मिळाला दहा हजार सात. बिरू खूश. एवढा धिप्पाड नंबर, कशाने ना कशाने भाग जाईलच की.

दुसऱ्या दिवशी तो रांगेत उभा राहिला.

"बाकी एक," कोल्हेसाहेब म्हणाले. "बाजूला हो."

तिसऱ्या दिवशी बाकी दोन. चौथ्या दिवशी तीन. पाचव्या दिवशी परत दोन. बिरू सकाळी पानावरचं दव चाटायचा आणि रांगेत यायचा.

"साहेब, एकाने तर भाग जातो ना?"

"जातो की. पण तो महाराजांचा दिवस. तू महाराज आहेस का?"

"तुमचा नंबर काय हो?"

"दहा हजार ऐंशी," कोल्हेसाहेब मिशा पुसत म्हणाले. मिशा ओल्या होत्या. त्या नंबराला दोनापासून दहापर्यंत सगळ्यांनी भाग जातो. योगायोग, बाळांनो. नंबर वाटणाऱ्यांच्या नशिबात असे योगायोग फार.

सातव्या दिवशी बिरूची जीभ टाळूला चिकटली. तो घुबडसरांकडे गेला. सरांनी ढोलीत बसून तीन दिवस भागाकार केले आणि डोळे पुसत बाहेर आले.

"बिरू, अरे, तू मूळ संख्या आहेस. एक आणि तू स्वतः, बाकी कुणाची तुला भागायची टाप नाही. पाच आकडी मूळ संख्यांत सगळ्यात धाकटा तू."

"म्हणजे पाणी कधी, सर?"

"दहा हजार सातव्या दिवशी. सत्तावीस वर्षं आणि वर पाच महिने. तोवर अभिमान बाळग."

आता एवढी दुर्मीळ असामी जंगलात निघाली म्हटल्यावर सत्कार नको? अकराव्या दिवशी तळ्याकाठी मंडप उभा राहिला. सगळं जंगल जमलं. कोल्हेसाहेब भर उन्हात तासभर बोलले. मग त्यांनी बिरूला शाल घातली, ती काट्यांत अडकली. नारळ दिला.

बिरूने नारळ कानाशी धरून हलवला. डुबुक.

त्याने तो तिथेच दगडावर आपटला. चीर पडली. तोंडाला लावणार, तेवढ्यात कोल्हेसाहेब कानाशी आले.

"बिरूशेठ, एक घोट द्या ना. माझ्या नंबराला अकराने भाग जात नाही. बाकी चार उरते. आणि सगळे बघतायत, तळ्यावर जाता येत नाही."

बिरूने नारळाकडे बघितलं. मग साहेबांकडे.

"नारळ एक, आपण दोघं," तो म्हणाला. "पूर्ण भाग जात नाही, साहेब. बाजूला व्हा."

आणि घटाघटा सगळं पाणी प्यायला.

तात्पर्य: मुलांनो, गणित नीट शिका. आपल्याला पाणी का मिळत नाही, ते तरी बरोबर कळतं. पाणीच हवं असेल, तर मात्र सत्कार करून घ्या. आणि नारळ आधी हलवून बघा.