आर्यभटांची बदली

करंजवाडीच्या मराठी शाळेतलं गणित शिक्षकाचं पद रिक्त होऊन अडीच वर्षं झाली होती. या काळात सहावी ते आठवीचं गणित अनसूयाबाई शिकवत होत्या. त्यांचा विषय मराठी. पण त्या प्रभारी मुख्याध्यापिकाही असल्यामुळे पद भरावं म्हणून अर्ज करायचा त्यांनीच आणि पद भरेपर्यंत गणित घ्यायचं तेही त्यांनीच, अशी सोय होती. त्यांनी अकरा अर्ज केले. अकराही अर्जांना 'आपला अर्ज प्राप्त झाला' असं उत्तर आलं. भाषेच्या शिक्षिका म्हणून त्यांना त्या वाक्यात एकही चूक सापडली नाही.

बेरीज-वजाबाकीत बाई कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. घोडं अडलं अपूर्णांकांच्या भागाकारात. खालचा आकडा वर, वरचा खाली आणि टाकायचं गुणून, हे त्यांनी मार्गदर्शकातून पाठ केलं आणि मुलांकडून पाठ करून घेतलं. सातवीतली अपेक्षा मात्र उभी राहिली.

"बाई, बाराला पाऊणनं भागलं की सोळा येतात."

"बरोबर."

"पण भागल्यावर वाढलं कसं?"

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या. त्या उद्याला आता तीन आठवडे झाले होते. अपेक्षा हल्ली फळ्याकडे बघायचीच नाही, बाईंकडे बघायची. या पोरीला उत्तर देणारं माणूस शाळेत यावं, एवढीच बाईंची मागणी होती.

डिसेंबरात वरून दखल घेतली गेली. राष्ट्रीय गणित दिनानिमित्त प्रत्येक शाळेने 'भारतीय गणितज्ञ गौरव सप्ताह' साजरा करावा, आणि गौरवात व्यत्यय येऊ नये यास्तव त्या सप्ताहात गणिताच्या तासिका घेण्यात येऊ नयेत, असं परिपत्रक निघालं. ते घेऊन वाल्मीक सर स्वतः आले. सर केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या बारा शाळांचे कागद त्यांच्या पिशवीतून वर जात आणि खाली येत.

"बाई, कार्यक्रम असा करा की शाळा साहेबांच्या डोळ्यांत भरली पाहिजे. मग पदाचं मी बघतो."

"नक्की?"

"अहो, एवढा गणिताचा गौरव करणाऱ्या शाळेला गणिताचा शिक्षक नाही म्हणायला तोंड आहे का कुणाला?"

बाईंना ते पटलं. दोन दिवस वाचून त्यांनी मोठा तक्ता केला. आर्यभट: वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर चार दशांश स्थळांपर्यंत काढलं, आणि हे उत्तर आसन्न, म्हणजे जवळपासचं आहे, असंही सांगून ठेवलं. ब्रह्मगुप्त: शून्याशी व्यवहार कसा करावा त्याचे नियम घालून दिले. भास्कराचार्य: शून्याने भागलं तर उत्तराला अंत राहत नाही, हे ओळखलं. केरळचे माधव: न संपणारी बेरीज करत करत खऱ्या उत्तराच्या हवं तितकं जवळ जाता येतं, हे युरोपच्या दोन-अडीचशे वर्षं आधी दाखवलं.

वाल्मीक सरांनी तक्त्यावरून लाल पेन फिरवलं. "हे 'जवळपासचं' काढा. आपल्या माणसाला नक्की माहीत नव्हतं, असा अर्थ निघतो. 'तंतोतंत' करा."

"पण सर, त्यांनी स्वतःच तसं सांगितलंय."

"त्यांचा विनम्रपणा असेल. आपण कशाला विनम्र व्हायचं?"

खरी अडचण परिशिष्ट 'ब'मध्ये होती. 'गणितज्ञांचा शाल व श्रीफळ देऊन यथोचित सत्कार करावा. सत्कारमूर्ती अनुपलब्ध असल्यास त्यांच्या वतीने प्रतिनिधीने सत्कार स्वीकारावा.' चारही सत्कारमूर्ती किमान सहाशे वर्षांपासून अनुपलब्ध होते. बाईंच्या मनात चार मुलांना दाढ्या लावून उभं करायचं होतं. ते माजी सरपंच हैबतरावांच्या कानावर गेलं. हैबतरावांची जमीन माण रस्त्याला होती. आता निम्मीचे प्लॉट पडले होते आणि निम्मीवर तीन मजली खोल्या उभ्या होत्या. नातू पिवळ्या बसनं सूसच्या इंटरनॅशनल शाळेत जायचा, पण गावच्या शाळेचा एकही सत्कार हैबतरावांनी चुकवला नव्हता.

"बाई, पोरांच्या खांद्यावर शाल टिकती व्हय? घसरल. आमी हाय की!" ते म्हणाले. "ह्या चौघांत थोरला कोन?"

"काळानं बघितलं तर आर्यभट."

"मग त्यो मी."

पुतण्या अमोलनं शून्यवाला मागून घेतला. हिंजवडीच्या समद्या कंपन्या शून्यावर चालतात, असं त्याला भाडेकरूनं सांगितलं होतं. भास्कराचार्य डेअरीच्या चेअरमनकडे गेले. माधव घ्यायला कुणी तयार होईना. "केरळचा म्हंजी भाईरचा," असं ग्रामसभेत मत पडलं. शेवटी ग्रामपंचायतीचे शिपाई शंभू यांना माधव करण्यात आलं, कारण खुर्च्या त्यांनाच लावायच्या होत्या आणि ते तसेही तिथंच असणार होते.

फ्लेक्सचं काम पौडच्या नबीलालकडे दिलं. शुभेच्छुकांचे चौतीस फोटो नबीलालला एका तासात मिळाले. गणितज्ञांचा एकही मिळेना. त्यानं संगणकात एक ऋषी शोधून काढला, तोच चारदा चिकटवला आणि उपरण्यांचे रंग बदलले.

"नबीलाल, चौघांची दाढी सारखीच कशी?" बाईंनी विचारलं.

"आवो बाई, त्या टायमाला न्हावी एकच असंल."

शुभेच्छुक दाटीवाटीनं बसवल्यावर ऋषींना टपाल तिकिटाएवढी जागा उरली. खाली नेहमीच्या साच्यातली 'दीर्घायुष्य लाभो' ही ओळ राहून गेली. ती कुणालाच खटकली नाही.

बावीस डिसेंबरला शाली पडल्या, नारळ दिले गेले, फोटो निघाले. मग वाल्मीक सर म्हणाले, "आता विद्यार्थ्यांनी गणितज्ञांना प्रश्न विचारावेत." हे परिशिष्टात होतं म्हणून ते म्हणाले. कुणी खरंच विचारील असं त्यांना वाटलं नव्हतं. अपेक्षा उभी राहिली आणि तिनं बारा, पाऊण आणि सोळा यांचं गाऱ्हाणं आर्यभटांपुढे मांडलं.

आर्यभटांनी ब्रह्मगुप्ताकडे बघितलं. ब्रह्मगुप्त मोबाइलमध्ये होते. भास्कराचार्यांनी शाल सारखी केली. बाईंना एकाएकी काहीतरी सुचलं.

"हैबतराव, बारा गुंठे जागा आहे. पाऊण-पाऊण गुंठ्याचे प्लॉट पाडले, तर गिऱ्हाइकं किती?"

"सोळा," हैबतराव श्वास न घेता म्हणाले. "ह्यात काय इचारायचं? तुकडा ल्हान केला की गिऱ्हाईक वाढतंय. अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याचे पाडा, चोवीस हुत्यात. फकस्त नोंदीला लई तरास देत्यात."

अपेक्षानं बोटांवर मोजलं. मग तिचा चेहरा उजळला. "म्हणजे बारात पाऊण किती वेळा बसतो ते बघायचं!" आणि सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. अडीच वर्षांत त्या शाळेत गणित समजल्याची ही पहिली वेळ होती. बाईंचे डोळे भरून आले.

"हैबतराव, आठवड्यातून एक तास या ना वर्गावर."

"मला येळ कुटं हाय, बाई?" हैबतराव नारळ काखेत घेत म्हणाले. "उंद्या नांद्यात सत्कार हाय."

संध्याकाळी वाल्मीक सर पोर्टलवर माहिती भरायला बसले. गणितज्ञांची जन्मतारीख सक्तीची होती आणि यादीतलं सर्वांत जुनं साल १९६८ होतं. सरांनी चौघांनाही तेच दिलं. तारीख, शाळेत घालताना आपल्याकडे सगळ्यांना देतात तीच, एक जून. पुढचा रकाना होता, 'गणितज्ञ प्रत्यक्ष उपस्थित होते काय?'

"प्रतिनिधी होते असं लिहा ना," बाई म्हणाल्या.

"तसा पर्यायच नाही. होय किंवा नाही. 'नाही' दाबलं तर कार्यक्रमच झाला नाही, आणि मग तुमचं पद विसरा." त्यांनी 'होय' दाबलं. "आता शेवटचं: 'उपस्थित गणितज्ञांनी अध्यापन केले काय?' इथं मात्र खोटं काहीच नाही. आपण स्वतः ऐकलं."

बाईंनाही ते नाकारता येईना. होय.

मार्चमध्ये बाराव्या अर्जाचं उत्तर आलं आणि या वेळी ते चांगलं पानभर होतं. 'आपल्या शाळेत चार गणितज्ञ उपस्थित असून ते अध्यापन करीत असल्याचे अभिलेखांवरून दिसून येते. सबब गणित शिक्षकाचे रिक्त पद निरस्त करण्यात येत आहे. तसेच पटसंख्येच्या प्रमाणात एकच गणितज्ञ अनुज्ञेय असल्याने उर्वरित तीन अतिरिक्त ठरतात. चौघांची जन्मतारीख समान असल्याने वर्णानुक्रमे श्री. आर्यभट, श्री. ब्रह्मगुप्त व श्री. भास्कराचार्य यांचे धरणापलीकडील शाळांत समायोजन करण्यात येत असून त्यांनी सोमवारी सकाळी सात वाजता रुजू व्हावे. श्री. माधव यांना मूळ शाळेत कायम ठेवण्यात येत आहे.'

हैबतराव कागद नाचवत शाळेत आले. "माझी बदली? धरणापल्याड? म्या काय नोकर हाय व्हय कुनाचा?"

"हैबतराव, चूक झालीय असं तुम्ही वर लिहून द्या. मी लिहिलेलं चालत नाही. कर्मचाऱ्यांना हरकत घेता येत नाही. जागरूक नागरिकालाच घेता येते."

हैबतरावांनी तिथूनच तीन फोन लावले. दोन दिवसांत तिन्ही गणितज्ञांच्या बदल्या वैद्यकीय कारणास्तव रद्द झाल्या. आर्यभटांना गुडघ्याचा त्रास होता.

"आणि पदाचं?" बाईंनी विचारलं.

"त्ये धोरन हाय, बाई. धोरनात आपुन कसं बोलायचं?"

तेव्हापासून शंभू रोज अकराला पंचायतीतून येतात, वर्गाच्या दारात उभे राहून हजेरीवर माधव म्हणून सही करतात आणि खुर्च्या लावायच्या असतील तर लावून जातात. सातवीत आता गुणोत्तर-प्रमाण सुरू झालं आहे. अपेक्षा पुन्हा बाईंकडे बघू लागली आहे.

पद निरस्त करण्यावर हरकत नोंदवायला सात दिवसांची मुदत होती. तशी नोटीस शिक्षण खात्याच्या समाजमाध्यमाच्या पानावर सत्काराच्या फोटोखाली टाकली होती. तो फोटो तोवर करंजवाडीच्या बाहेर गेला होता. वर 'जगाला गणित शिकवणारा देश' असं लिहिलेलं असल्यामुळे तो आपल्यालाही आला. आपण त्याखाली जोडलेले हात टाकलेत आणि तो आणखी तीन गटांवर पाठवलात. नोटीस वाचायला 'आणखी वाचा' दाबावं लागत होतं. मुदत शुक्रवारी पावणेसहाला संपली. एकही हरकत आली नाही. जोडलेले हात मात्र चार हजारांच्या वर गेले आहेत. पाचव्या नंबरचे आपले आहेत.