बेडा म्हणजे बेडा

गोदाक्का शिंद्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या मुलीला वेडा म्हटलं, तेही पुल्लिंगात. मी नुकताच पुण्याहून म्हैसूरला आलेलो, कन्नडचं अक्षर येत नव्हतं. माझी सई नऊ वर्षांची. तिला कळतं सगळं, बोलत मात्र काही नाही. शाळा सुटल्यापासून आम्ही नवराबायको ऑफिसातून येईपर्यंत तिला कुवेंपुनगरात अक्कांकडे ठेवायचं ठरलं होतं. सईला आत पाठवून मी पायरीवर चपला काढतोय, तोच गर्जना झाली, "वेडा! वेडा!"

मी पुणेरी तलवार उपसली. "बाई, मुलगी आहे ती! आणि वेडी नाहीये!"

"अय्यो सार!" अक्का हसून हसून जमिनीला टेकल्या. "वेडा नव्हे, बेडा! कन्नडात 'नको' हो. बूट काढायला गेले तर पोर पाय मागं ओढतीय. तिला म्हणता येईना, म्हणून मी म्हणून दिलं."

अक्कांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते आणि अक्कांचा आवाज अजून तिथेच नोकरीला होता. त्या "बेडा!" म्हणाल्या की विजयनगरला निघालेली सिटी बस ब्रेक मारायची. मी स्वतः पाहिलंय; निदान सांगतो तरी तसं. घरात सांभाळायला आणखी सहा मुलं, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी दिवसभर पंख्याशी गप्पा मारणारं. कायदा एकच. तोंडानं म्हणा, हातानं म्हणा, मान फिरवून म्हणा, बेडा म्हणजे बेडा.

दसऱ्याच्या सुट्टीत हत्तींची तालीम बघायला जायचं ठरलं. रिक्षा दारात आली आणि खुर्चीतली रुक्मी फाटकातच मान हलवायला लागली. रिक्षा परत! मग साठीच्या अक्का स्वतःच रांगत हत्ती झाल्या, पाठीवर उशीची अंबारी. त्या दिवशी खऱ्या हत्तींकडे कुणी फिरकलं नाही, माहूत जांभया देत बसले, असं मी अजून सांगत फिरतो.

"एवढं काय त्या बेडाचं?" एकदा मी विचारलं.

अक्का शेंगा सोलत होत्या. "माझा तम्मा होता सार. धाकटा भाऊ. असाच, आपल्या पोरांसारखा. आई गेली, सांभाळायला कुणी नाही. बन्नूरच्या पुढं एक वसतिगृह होतं, मीच सोडायला गेले. फाटकात माझा पदर धरून बेडा म्हणाला. तीनदा. मी म्हटलं, रविवारी येते की रे."

"गेलात?"

"गेले की. पण त्यानंतर तो कशालाच बेडा म्हणाला नाही. करपलेलं वाढलं तरी नाही. ताप चढला तरी नाही." त्यांनी पुढची शेंग उचलली. "वर्षसुद्धा काढलं नाही त्यानं."

तीन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. निरोपाला गेलो, तर सईनं अक्कांचा पदर मुठीत धरला आणि म्हणाली, "बेडा."

तिच्या आयुष्यातला पहिला शब्द. सहाही मुलं अक्कांकडे बघत राहिली. अक्का माझ्याकडे.

"सार, पोर बेडा म्हणतीय."

मी म्हणालो, "अक्का, रिझर्व्हेशन आहे."

मूठ मीच सोडवली, एकेक बोट करून.

आता दर रविवारी सकाळी अक्कांचा फोन येतो. "म्हणाली काय?"

"म्हणाली ना!" मी आवाज चढवून सांगतो. "आज दुधाला बेडा म्हणाली! अख्खी सोसायटी गोळा झाली!"

"शाब्बास! देऊ नका मग तिला दूध."

"नाही देत, अक्का."

शेजारी बसून सई पेला निमूटपणे रिकामा करत असते.