राजमद्याचे रांजण आणि पंधरा वर्षांची आज्ञा

श्रीकुलस्वामिनीचे चरणी माथा ठेवून, साहेबी पुसिले की तांबड्या मद्याचे रांजणावर दूरचे साल लिहिण्याची चाल कोणी घातली, त्याची हकिकत ऐकिली तैसी लिहितो. शके सोळाशे पंधरा, श्रीमुख नाम संवत्सरे, जेथे ही चाल पडली त्या राज्यात द्राक्षे ऐसी पिकली की वेली वाकल्या, आणि मद्य गाळिले, आणि कार्तिक मासी सात रांजण तळघरात उभे राहिले. तेथील चाल ऐसी होती की कोठीचे कारभारी सुभानजी कोठावळे यांनी मद्य चाखावे, रांजण कोणत्या साली फोडावा ते त्याचे तोंडावरील लाखेवर लिहावे आणि मग महाराजांनी खाली शिक्का करावा. परंतु राजाचे हयातीपलीकडचे साल लिहिणे म्हणजे राजाचे मरण लिहिणे, ऐसा धाक. म्हणोन तीन पिढ्या कोणी दोन वर्षांपुढे लेखणी नेली नाही, आणि दरबार कच्चेच मद्य प्याला, आणि तोंडे वाकडी केली, आणि भाटांनी गाइले की तुरटी हाच राजमद्याचा बाणा. कारले साखरेत घोळिले तरी कडूच, तेथे भाटांचे काय चालणार.

सुभानजींनी त्या वर्षीचे चाखिले मात्र, आणि हात थबकला. रंग जांभळाचे सालीसारखा गर्द, आंबटपणा खणखणीत, तुरटी ऐसी की हिरड्या आवळल्या, आणि त्या सर्वांखाली फळाचा गोडवा दडोन बसलेला. हीच तुरटी या मद्यास राखील आणि राखता राखता आपण मवाळ होईल, हे जिभेने सांगितले. वर्षेही सांगितली, पंधरा. महाराजांचे वय तेव्हा शहात्तर. दोन लिहावे तर ऐसे मद्य वाया जाते, पंधरा लिहावे तर मानेवर डोके राहील न राहील. घरी पत्नी गोदूबाई म्हणाल्या, "दोन लिहा आणि मोकळे व्हा. आजवर कोणाचे अडले?" सुभानजींस ते पटले, आणि तरी दुसरे दिवशी हाताने पंधराच लिहिले.

शिक्क्यासाठी दरबार जमला. महाराजांनी साल वाचिले, बोटांवर मोजिले आणि पुसिले, "सुभानजी, तेव्हा आमचे वय काय होईल?"

"एक्याण्णव, महाराज."

"आणि तुमचे?"

"सत्याहत्तर."

"आम्ही नसलो म्हणजे?"

सुभानजी बोलिले, "महाराज, मद्यास ते ठाऊक नाही."

महाराजांनी लाखेवरील साल पुन्हा वाचिले. मग शिक्का मागविला, आपुले हाते लाखेवर दाबिला आणि बोलिले, "गुन्हा केला आहे, तर शिक्षाही घ्या. रांजण फोडेपर्यंत तुम्ही मरावयाचे नाही. पहिला पेला तुम्हीच घ्यावा, आणि आम्ही शिक्का केला तो ठीक केला की नाही, ते सांगावे." दरबारात कोणी हसले नाही.

महाराज तिसरे वर्षी कैलासवासी जाहले. मग गोदूबाई गेल्या, आणि थोरला पुत्र मोहिमेत पडला, आणि सुभानजींची दृष्टी गेली. मरण मागावे ऐसे दिवस आले, परंतु मागणे म्हणजे आज्ञाभंग, म्हणोन काठी टेकीत नित्य तळघरात जात आणि लाखेवरील शिक्का बोटांनी चाचपून परत येत. शके सोळाशे तीस, सर्वधारी संवत्सरे, पहिला रांजण फोडिला. गादीवर महाराजांचे नातू होते, त्यांनी पेला आपण होऊन सुभानजींचे हाती दिला. तुरटी होती, परंतु बहुत वेळा धुतलेल्या धोतरासारखी मऊ. वास सुक्या अंजिराचा, लवंगेचा, आणि दडलेले फळ वर आले होते. आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहिले.

"बाबा, शिक्का ठीक होता?" नातवांनी पुसिले.

"ठीक होता, महाराज. माझेच साल चुकले. हे अजून पुरते उमलले नाही. उरलेले सहा रांजण आणखी दहा वर्षे ठेवावे."

"आणि तुमची शिक्षा?"

"ती आज फिटली. आता घरी जातो."

नातवांनी शिक्का मागविला आणि सहाही रांजणांवर नवे साल लिहविले. सुभानजी त्याच पौषात गेले. दहा वर्षांनी लाख फोडिली तेव्हा त्यांचा बोल खरा निघाला. इतकी हकिकत. तेव्हापासून त्या राज्यात रांजणावर साल लिहिताना राजाचे वय कोणी पुसत नाही.